अकरा फोटोंतला शेतकरी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. असता तर हे पंधरा वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. दुकानातली हत्यारे समोरच्या शिंप्याला द्यावीत. घड्याळातले त्याला ओ की ठो कळत नाही, पण बारीक चिमटे त्याच्या कामी येतील.

२. चार एकर शेत वडिलांनी एकट्या माझ्या नावावर केले. कसले मात्र थोरल्या बहिणीने. मी कधी कुदळ हातात धरली नाही. सरकारी अनुदान स्वतः शेत कसणाऱ्या मालकालाच मिळे. चुलतभावाने, ज्याला सगळे फॉर्मवाला म्हणतात, फॉर्म भरून दिला आणि मी खुशाल सही ठोकली. दरवर्षी पाहणीला अधिकारी येत आणि उभ्या पिकात मालकाचा फोटो काढत. त्या दिवशी ताई घरात बसे आणि तिचे चिखलाचे गमबूट घालून मी शेतात उभा राही. बूट लहान पडत, बोटे मुडपून चालावे लागे. अशी अकरा वर्षे गेली. आलेले पैसे मी तिच्याच हातात देत असे, म्हणून मनाला कधी टोचले नाही.

३. मग साठीपुढच्या शेतकऱ्यांना निवृत्तिवेतन सुरू झाले. ताई अर्ज घेऊन गेली. कारकुनाने टेबलावर अकरा फोटो मांडले.

"हे कोण?"

"माझा भाऊ."

"मग शेतकरी हेच. तुम्ही कोण?"

घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "अरे, मी कोण म्हणून विचारलं त्यांनी." मी तेव्हाच कार्यालयात जाऊन खरे सांगायला हवे होते. चारचौघांत नाचक्की होईल म्हणून मूग गिळून बसलो. पुढच्या सोमवारपासून ती फळांच्या गोदामात निवडीच्या कामाला लागली, दिवसभर उभ्याने. सात वर्षे. मला याची लाज वाटते, आणि ती कोणाला द्यावी असे कलम मला सुचत नाही.

४. शेत, विहीर आणि घर ताईला. फॉर्मवाल्याला काही नाही. पण त्याला बोलही लावू नये, सही माझी होती. कार्यालयाला मी गेल्या महिन्यात सगळे लेखी कळवले आहे. वसुली निघाल्यास माझ्या बचतीतून भरावी, उरेल ते ताईचे.

५. हे सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आता गुडघे गेले रे माझे. शेत घेऊन काय करू?" मग म्हणाली, "मी कसलं, एवढं मात्र लिही. नीट अक्षरात लिही."

म्हणून लिहितो: सदर शेतात सलग अठ्ठावीस वर्षे नांगरणी, पेरणी आणि काढणी माझ्या बहिणीने केली. मी केली नाही.

ठिकाण: माझे दुकान, शटर अर्धे ओढून.
दिनांक: ९ मार्च.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचे औषधवाले. (सही)

साक्षीदार २: शेतपाहणी अधिकारी, निवृत्त. (सही) सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: "शेत बाई कसतात हे मला पहिल्याच पाहणीत कळले होते. मालकाच्या हाताला एकही घट्टा नव्हता. तरी अकराही फोटो मीच काढले."