जाळीची उघडी बाजू

प्रिय सुमन,

गच्चीवरचा कपडे वाळवायचा फिरता स्टँड, तुझ्या ग्राइंडरचं झाकण, इरुंगाट्टुकोट्टैच्या माझ्या वर्कशॉपच्या शेडमधलं कोटिंगचं यंत्र, सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं नाही. हर्नियासाठी तुझ्या पोटात बसवलेली जाळी तेवढी दुसऱ्याच्या हातची!

आज सकाळी त्या जाळीच्या कंपनीचा माणूस घरी आला होता. म्हणून लिहायला बसलो.

आठवतं, ऑपरेशनच्या आधी मी तुला कागदावर काढून दाखवलं होतं? आतड्याकडच्या बाजूला लेप, काही चिकटू नये म्हणून. दुसरी बाजू उघडी, तिच्यात मांस रुजावं म्हणून. तू म्हणालीस, "अहो, पोट आहे माझं, तुमच्या शेडमधला कोटिंगचा जॉब नाही!"

जखम भरेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शुगर आहे, वेळ लागणार." तू लगेच मान डोलावलीस. का गं? घरी आमटीत मीठ कमी म्हटलं तरी वाद घालायचीस, आणि तिथे एक प्रश्न नाही?

दुसऱ्या ऑपरेशनात जाळी काढली. मी ती मागून घेतली, बाटलीत घालून दिली त्यांनी. आठवडाभरात तू गेलीस. पुढे कितीतरी दिवस ती बाटली कपाटातून काढवली नाही. मग एकदा भिंग घेऊन बसलो.

उघड्या बाजूच्या निम्म्या भागाला मांसाने घट्ट धरलं होतं. उरलेला निम्मा गुळगुळीत, वर लेपाची पातळ चकाकी, कडेकडून आत ओघळलेली. असे ओघळ मी ओळखतो! एका बाजूला कोटिंग करताना दुसरीवर टेप लावतात. टेप कडेला नीट बसली नाही की माल खालून शिरतो. शुगरचंच काम असेल, तर निम्म्या जाळीत मांस रुजलंच कसं?

माझंही चुकत असेल. पण तपासायचं कुणी?

कंपनीला लिहिलं, तर हा हजर. "सार, जाळीचा तुकडा द्या, आमचीच लॅब तपासेल." म्हणजे स्वतःचा माल स्वतःच पास करणार! आपली मधूही म्हणते, "अप्पा, देऊन टाका. अम्मा परत येणार आहे का?" तिचा राग नाही येत. थकली आहे पोरगी.

तुला शब्द देतो. तुकडा बाहेरच्या लॅबमध्ये जाईल आणि मी समोर उभा राहीन. शुगरच निघाली तर तेही तुला सांगेन, डॉक्टरांची माफी मागेन.

जाताना त्या माणसाने कागद पुढे केला होता. तुकडा परत द्यायचा, पुन्हा तक्रार करायची नाही, आणि 'मदत' म्हणून नऊ लाख रुपये. मी नाही म्हणालो.

तुझा,
विनायक