साठच्या पुढचा आवाज

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. अकोला

आले एकदाची! चाळीस वर्षांनी वऱ्हाडात परत. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, लग्न होऊन नाशिकला गेले आणि आता हे गेल्यावर लेकीच्या घरी. वर्षालीने बजावलंय, आई, तू इथे पाहुणी नाहीस. नातीने, प्रणालीने, उशीवर कागदाचं फूल ठेवलं होतं. शेजारच्या परवीनने संध्याकाळी शेवयांची खीर पाठवली. भाषासुद्धा किती दिवसांनी कानावर पडली! भाजीवाली म्हणाली, कावून वं माय, एवढंसंच घेऊन राहिली? ‘का’ला ‘कावून’ ऐकून मला उगीचच भरून आलं.

प्रणाली दहा वर्षांची आहे. दर रविवारी अमरावतीला धनुर्विद्येच्या सरावाला जाते. आजवर वर्षाली किंवा जावई जीवन, कुणीतरी सुट्टी मोडून तिला बसने नेत असे. मी नाशिकहूनच फोनवर म्हटलं होतं, मी नेईन. गाडी तर मला बाबांनी अठराव्या वर्षीच शिकवली होती. मग जावयांनी दर्यापूरहून एक जुनी पांढरी गाडी शोधून आणली. जानराव नावाच्या गृहस्थांची. ते वारले, त्यांच्या पत्नीने, सुंदराबाईंनी विकली. सीटवर अजून सुंदराबाईंच्या हातची विणलेली कव्हरं आहेत. बाबांची गाडी अशीच होती. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मी पुन्हा दोन वेण्यांची मुलगी झाले.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांना हळदकुंकू वाहिलं. आज पहिली फेरी. मूर्तिजापूरपर्यंत दोन्हीकडे काढणीला आलेलं सोयाबीन, मधूनच कापूस फुटलेला. प्रणू पूर्ण वेळ मागच्या सीटवरून बडबडत होती.

एकच खोट. साठच्या पुढे गेलं की गाडीत घुमल्यासारखा आवाज येतो. खडखड नाही, शिट्टी नाही. शाळेच्या चॅपलमध्ये प्रार्थना संपल्यावर छताशी रेंगाळायचा तसा. वेग कमी केला की थांबतो. मला वाटलं, मागच्या चाकातून येतोय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

गयासुद्दीन मिस्त्री मोठा बोलका माणूस. लक्षणं ऐकूनच म्हणाला, मॅडम, चाकाचं बेअरिंग गेलं, डोळे झाकून सांगतो. मग स्वतः बायपासवर ऐंशीने चालवून आला. आवाज नाही! हसून म्हणाला, गाडी तुमालेच पाहून गुरगुरते वाटते. तरीही बेअरिंग बदललं, टायर पुढचे मागे केले.

२० ऑक्टोबर, रविवार

आवाज आहेच. आज तर पंचावन्नलाच सुरू झाला. चालत्या गाडीत गिअर काढून पाहिला, तरी तसाच. म्हणजे इंजिनाचा नाही. खिडक्या उघडल्या, तरी तसाच. म्हणजे वाऱ्याचा नाही.

परतताना प्रणूला विचारलं, तुला ऐकू येतो का गं? ती म्हणाली, हो आजी, पण मला वाटलं तुला माहीत आहे. काय माहीत आहे, ते विचारेपर्यंत ती झोपली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी चालवली आणि गयासुद्दीन मागच्या सीटवर कान लावून बसला. आवाज आला. मी म्हटलं, ऐका, मागूनच येतोय ना? तो म्हणाला, मांगून नाई मॅडम, समोरून येऊन राहिला. आरशात पाहिलं तर तो गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहत होता. बायपासच्या नाक्यावरच उतरला. म्हणाला, दुसऱ्या कोणाले दाखवा. एवढा बोलका माणूस, मागे वळूनही पाहिलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज बडनेऱ्याकडे वळायचं होतं आणि मी वळलेच नाही. रस्ता तसाच पुढे गेला, मीही गेले. प्रणूने मागून केस ओढले तेव्हा भानावर आले. ती रडत होती. म्हणाली, आजी, किती हाका मारल्या! मला एकही ऐकू आली नव्हती.

तिने माझ्या फोनवर आवाज टिपून ठेवला होता, मिस्त्रीकाकांना ऐकवायला. घरी आल्यावर मी ऐकला. रस्त्याची सळसळ. प्रणूच्या हाका. आणि त्यावर, ओठ मिटून, एकाच सुरात— मी. माझाच आवाज आहे तो. शाळेच्या गाण्यात सिस्टर मला शेवटच्या रांगेत उभं करायच्या आणि म्हणायच्या, तू तोंड उघडू नकोस, नुसतं गुणगुण. तोच आवाज, चाळीस वर्षांनी. मला तो गाडीच्या मागून ऐकू येत होता.

केस ओढण्याआधी क्षणभर हाका थांबतात. मग दुसरा सूर लागतो, बारीक. प्रणूचा.

२८ ऑक्टोबर, सोमवार

बसने दर्यापूरला गेले. सुंदराबाईंनी बसायला सतरंजी टाकली. म्हणाल्या, आमचे हे गाडीत गुणगुणत जात, बाई. पहिल्यांदा मले गोड वाटलं. मंग हाक ऐकेनात. खांद्याले बुक्की मारली तरी ऐकेनात. मी त्या गाडीत बसनंच सोडलं. एका सकाळी ते एकटे गेले आणि वळणावर वळलेच नाहीत. सरळ शेतातून बाभळीपर्यंत. ब्रेक दाबलेला नव्हता. काढलं तेव्हा ओठ घट्ट मिटलेले.

गाडी विकली कावून, तेव्हाच सांगितलं कावून नाही, असं विचारणार होते. पण त्या चहा आणायला आत गेल्या आणि चुलीपाशी गुणगुणत होत्या. तोच सूर. हाक मारली, ओ दिली नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

घरी काय सांगू? वेड लागलं म्हणतील, नाशिकला धाडतील. म्हटलं, गाडीचे ब्रेक लागत नाहीत, कुणी चालवू नका. किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली.

प्रणू चित्र काढत होती. ओठ मिटलेले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

जीवनकडे दुसरी किल्ली होती. त्यांनी ब्रेक तपासून आणले. हसून म्हणाले, आई, ब्रेक एकदम फर्स्ट क्लास, तुम्ही उगाच घाबरता. गयासुद्दीननेच पाहिले. तो काम करताना काहीतरी गुणगुणत होता म्हणे, चांगलं गातो.

खरं सांगायला तोंड उघडलं— उघडायला वेळ लागला. जबडा जड. सांगितलं ते सगळं अर्धवट. वर्षालीने कपाळाला हात लावून पाहिला.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

उठले तेव्हा दोघं निघून गेलेली. जीवन बहिणीकडे अमरावतीला ओवाळून घ्यायला, प्रणू सोबत. ती गाडी घेऊन. वर्षाली दवाखान्यात, ड्यूटीवर.

तोंड उघडत नाही. म्हणून लिहिते आहे. बोटांनी ओठ ओढून पाहिले. आवाज नाकातून येतोच आहे, भिंतींना लागून परत येतोय.

जीवनला मेसेज केला, गाडी थांबवा. पाहिलाच नाही. वर्षालीला केला. तिने लिहिलं, आई, गोळी घेऊन पड.

ही वही घेऊन परवीनकडे गेले. ‘गाडी थांबवा’ ही वरची ओळ दाखवली. बिचारीने लगेच जीवनचा नंबर लावला. प्रणूने उचलला. फोन स्पीकरवर.

रस्त्याची सळसळ. फार वेगाने. दोन सूर. एक जाड, एक बारीक. परवीन ओरडली, अगं बेटा, पप्पा को बोल गाडी रोक! उत्तर नाही. परवीन आणखी ओरडली— मग ओरडायची थांबली. माझ्याकडे पाहते आहे. तिचे ओठ—

बडनेरा आलं असेल. वळण—

मोठा आवाज झाला. मग सळसळ नाही.

दोन सूर होते. आता एकच. बारीक. प्रणूचा. अजून आहे. अजून आहे. प्रणू, बाळा, थांब, श्वास घे, तोंड उघ