शिवरामरावांच्या खांद्यावरचा हात

मी, जया कुंडलिक भालेराव, वय अडुसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार विठ्ठलवाडी, आज डोकं ठिकाणावर असताना स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला भाचा राकेश आला होता. चहा पिऊन परत गेला.

१. माझी खोली आणि दोन्ही कॅमेरे राकेशच्या बहिणीला, प्रियांकाला. राकेशला घर आहे, फ्लेक्सचं दुकान आहे. त्याने तोंड वाकडं करू नये. बँकेतली शिल्लक दोघांनी निम्मी-निम्मी घ्यावी.

२. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या जुन्या दुकानदारांचे, त्यांच्या दुकानात जाऊन काढलेले सगळे फोटो आणि निगेटिव्ह राकेशला. हो, त्यालाच. कारण पुढे येतं.

३. नौपाड्यात शिवराम टेलर. शिवरामराव कापड बेतत, त्यांच्या पत्नी रखमाबाई शेजारी बसून काज-बटण करत. फोटोच्या वेळी बाई बाजूला सरकल्या. "मी कशाला? मी काय मालक आहे?" शिवरामराव म्हणाले, "अगं, अर्धं दुकान तुझं. ये इकडे." तेव्हा त्यांनी येऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, बोटावरचं अंगुस्तान तसंच. माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला फोटो हाच, याबद्दल मला शंका नाही.

शिवरामराव गेले तेव्हा मुलाने तो फोटो राकेशकडे नेला. हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस नको, म्हणून राकेशने रखमाबाईंना उडवलं, खांदा गुळगुळीत केला, मागे निळं आकाश लावलं. तेराव्याला बाईंनी फोटोतल्या खांद्यावर बोट ठेवलं. मग मला म्हणाल्या, "जयाताई, इथं माझा हात होता की हो. कुठं गेला?" राकेश म्हणतो, "आत्या, कस्टमरला सिंगल पाहिजे होता ना. मी काय करू?" तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोललेली नाही.

४. तरी फोटो त्यालाच, कारण लोक कापायला त्याच्याकडेच आणणार. नाही म्हणायचं तेही त्यानेच शिकावं. अट एकच: दुकानदाराच्या घरचं कोणी मागितलं तर फोटो फुकट द्यावा आणि अख्खा द्यावा, गल्ला, मशीन, शेजारचं माणूस यांसकट. एक जरी कापला तर सगळे प्रियांकाकडे जातील.

५. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये; रखमाबाईंना त्यांचा अख्खा फोटो मी आजच हातात दिला, म्हणजे त्या साक्षीदार व्हायला मोकळ्या. कोलशेतचे गिरणीवाले दिपेश म्हात्रे यांना काहीच देत नाही, म्हणून तेही साक्षीदार. फोटोत डोळे मिटलेले आले हा राग त्यांनी आता सोडावा.

६. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एकच फोटो ठेवावा. खांद्यावरच्या हाताचा फोटो काढला त्याच दिवशी शिवराम टेलरच्या आरशात बघून मी काढलेला: मध्ये मी, एका बाजूला शिवरामराव, दुसऱ्या बाजूला रखमाबाई. जिवंत माणूस चालत नाही, असं कोणी म्हणेल. रखमाबाईंना मी विचारलं आहे. म्हणाल्या, "ठेवा की. तुम्हा दोघांच्या शेजारी मला कसली भीती?"

राकेश, तरीही तुझे हात शिवशिवले तर आधी नीट बघ. कॅमेरा माझ्या तोंडासमोर आहे. मला एकटीला कापून काढलंस तर हाती चेहरा लागणार नाही. शेजारी ती दोघं आहेत, म्हणून ती मी.

सही: जया कुंडलिक भालेराव

आमच्यासमोर सही केली:
१. रखमाबाई शिवराम बोत्रे, नौपाडा, ठाणे
२. दिपेश म्हात्रे, कोलशेत (डोळे उघडे ठेवून)

विठ्ठलवाडी, दि. १९ जानेवारी २०२५