शंका असेल तर मलबा

३ जानेवारी २०२४, बुधवार

नाही करणार सही. नाही म्हणजे नाही!

रविराज सरांना आज तोंडावर सांगितलं. सगळं ऑफिस ऐकत होतं. ऐकू दे.

बेंगळुरूच्या एका कंपनीचा उपग्रह आहे वर. त्याच्या आसपास कसलीशी वस्तू घुटमळते आहे. दुसऱ्या एका उपग्रहाने तिचे फोटो काढले, आणि ते फोटो बघून ती काय आहे हे आमच्या एआय मॉडेलने सांगायचं. मॉडेल म्हणतं — मलबा! जुन्या रॉकेटचा तुकडा, सत्त्याण्णव टक्के खात्री. मलबा ठरल्या वाटेने जातो, त्याचं गणित मांडता येतं. म्हणजे हा रिपोर्ट गेला की ती कंपनी निर्धास्त, पाळत बंद. आणि खाली 'तपासलं' म्हणून सही माझी.

फोटोत काय आहे? एक पांढुरका ठिपका, कडेने विस्कटलेला. मला त्यात रॉकेट दिसत नाही. काहीच दिसत नाही. मग सत्त्याण्णव टक्के आले कुठून?

४ जानेवारी

सापडलं!

मॉडेलला शिकवलं कुणी? आम्हीच. दोन वर्षांपूर्वी मी, श्याम आणि आणखी काही जण दिवसभर फोटो बघून बटणं दाबायचो. बटणं तीनच — चालू उपग्रह, बंद उपग्रह, मलबा. फोटो धूसर असला, काही म्हणता काही कळत नसलं, तर? सरांचा नियम होता: शंका असेल तर मलबा. दाबलं मलबा. हजारो वेळा दाबलं. ते बिचारं तेच शिकलं — धूसर म्हणजे मलबा!

आज एका चांगल्या चालू उपग्रहाचा फोटो मुद्दाम धूसर करून त्याला दिला. उत्तर — मलबा, शहाण्णव टक्के. घ्या!

श्यामला दाखवलं. माझ्या शेजारीच बसतो, मराठवाड्यातल्या भूमचा आहे, शब्द मोजून वापरतो. "हं," म्हणाला. एवढं मोठं सापडलं आणि म्हणे "हं"!

५ जानेवारी

सरांना दाखवलं. म्हटलं, चौथं बटण हवं — 'माहीत नाही'. पुन्हा शिकवू या मॉडेलला. तोवर या रिपोर्टमध्येही तेच लिहू.

सर खुर्चीत मागे रेलले. "अपेक्षा, क्लायंट आपल्याला उत्तराचे पैसे देतो. 'माहीत नाही' काय, माझे आजोबाही सांगतील. फुकटात."

खराडीतली ही जमीन त्यांच्या आजोबांचीच. शेत होतं, आता त्यावर आमची काचेची इमारत आहे. मी म्हटलं, "आजोबा निदान खरं तरी सांगतील, सर."

लाल झाले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं!

७ जानेवारी, रविवार

मंडईत गेले होते भाजीला. पुण्यात नवी आले तो दिवस आठवला. आमच्या लातूरकडे पत्ता विचारला की माहीत नसलं तरी माणूस हात लांब करून दिशा दाखवतोच. नाही म्हणायची लाज वाटते. इथे मंडईमागे एका काकांना गल्ली विचारली, तर — "माहीत नाही. मी काय नकाशा आहे?" रडकुंडीला आले होते तेव्हा. पण चुकीच्या गल्लीत तर नाही ना धाडलं त्यांनी!

संध्याकाळी आईचा फोन. "सायेब म्हनतेत तर करून टाक की सही. तुझं काय जातंय?"

माझं नाव जातंय, आई. तेवढंच आहे माझ्याकडे.

८ जानेवारी

प्रोजेक्टवरून काढलं. आता म्हणे गुंतवणूकदारांसाठी स्लाइड कर. "रंगसंगती छान जमते तुला." मार्चमध्ये माझा करार संपतो, त्याबद्दल विचारलं तर "बघू". बघा!

९ जानेवारी

श्याम करणार सही. "कुणीतरी करायचीच आहे," म्हणाला. माझ्याकडे न बघता. भित्रा! त्याला तर सगळं दाखवलं होतं मी. सरांनी स्वतः केली असती तर एक वेळ समजलं असतं, पण हा?

१० जानेवारी

"रिपोर्ट गेला?" सरांनी केबिनच्या दारातून विचारलं.

"गेला," श्याम म्हणाला.

सर फोनवर बोलत निघूनही गेले. मी जिन्यात जाऊन रडले. रागाने!

१२ जानेवारी

स्लाइडवर चार बटणं काढली. सरांनी एक खोडलं. मी पुन्हा काढलं. त्यांनी पुन्हा खोडलं. सोमवारी पुन्हा काढणार आहे. राजीनामा? मुळीच देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि कारण लेखी द्यावं.

१५ जानेवारी, संक्रांत

श्यामने तिळाची वडी पुढे केली. घेतली नाही. "गोड बोलायचं कबूल केलेलं नाही मी," म्हटलं. त्याने वडी डब्यात परत ठेवली आणि काम करायला लागला. लागलं असेल. लागू दे.

१९ जानेवारी, शुक्रवार

ती वस्तू हलली! पहाटे, स्वतःहून, वाट बदलून, थेट त्यांच्या उपग्रहाच्या रोखाने. तुकडे असं करत नाहीत!

बेंगळुरूचा फोन आला. सरांनी सवयीने स्पीकर लावला. "तुमच्या रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, ही वस्तू काय आहे ते माहीत नाही. म्हणून पाळत चालू ठेवली आम्ही. वेळेत बाजूला झालो."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी तर तो रिपोर्ट डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मी श्यामकडे वळले.

त्याने स्क्रीनवरून नजर काढली नाही. म्हणाला, "मला तरी कुठं माहीत होतं?"