जमिनीला उंची नसते

६ एप्रिल २०२५, रविवार. सकाळी ७
ऋचाचा पुण्याहून फोन. आईला. मी शेजारच्याच खुर्चीत होतो, म्हणजे मलाही. जून-जुलै घाटंजीला येऊन घरूनच ऑफिसचे काम करायचा विचार आहे म्हणे, सोय झाली तर. सोय कसली, ते मंजुषाने कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतले: १) बंद होणारी खोली २) इंटरनेट ३) टेबल ४) इन्व्हर्टर.

यादी वाचून हसू आले. पोरगी कॉम्प्युटर गेममधली झाडं, डोंगर, घरं काढते, त्याचाच पगार घेते, आणि यादीत कॉम्प्युटरच नाही. मंजुषा म्हणाली, अहो, ती तिचा आणेल ना. म्हटले, एवढे धूड पुण्याहून बसमध्ये मांडीवर घेऊन? मायलेकींना व्यवहार कळत नाही.

निश्चय: ऋचा यायच्या आत घरात हाय-एंड कॉम्प्युटर. गेमिंग आणि काम, दोन्हींचा. तिला आधी कळू द्यायचे नाही. दारात पाऊल टाकताच दिसला पाहिजे.
यादीतला क्रमांक एक खोडला. खोली हा यंत्राचा भाग नाही.

८ एप्रिल, मंगळवार
जागा ठरली. मधल्या खोलीतला कोनाडा. तिथे वडिलांचा रेडिओ असे. सकाळी मुलांच्या कविता लागायच्या आणि आम्ही चौघं भावंडं दात घासता घासता तालावर माना हलवायचो. त्या रेडिओच्या काचेमागे पिवळा उजेड होता. गुळाच्या पाकासारखा. तसा उजेड पुन्हा कुठल्या यंत्राला आला नाही. आताची यंत्रं निळी. मेलेल्या माशासारखी.

कोनाडा मोजला. दोन फूट एक इंच बाय एक फूट. म्हणजे कॉम्प्युटर कॉम्पॅक्ट हवा. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली. घाटंजी, राळेगाव, महागाव, तिन्ही तालुक्यांतली वावरं या हातांनी मोजली. लोक अजून मोजणीसाहेबच म्हणतात. एक डबा मोजायला कोणाची मदत नको. लांबी, रुंदी, खाली सही.
चहा घेता घेता सहज सुचले:
इवल्याशा कोनाड्यामध्ये इवले यंत्र बसेल गं,
इवल्या यंत्राच्या पोटी सारे रान वसेल गं.
हल्लीच्या पाठ्यपुस्तकात असे काही नसते.

११ एप्रिल, शुक्रवार
बसस्टँडसमोर उत्तमसिंगचे कॉम्प्युटरचे दुकान. त्याने स्क्रीनवर एकेक भाग दाखवला. मदरबोर्ड. बापाच्या नावाचा एकही भाग नाही, विचारून खात्री केली. पंख्यांना रंगीत दिवे, वरातीतल्या घोड्यासारखे. ग्राफिक्स कार्ड नावाची चीज तर चक्क वीट आहे. कार्ड म्हणजे पोस्टकार्ड. नाव ठेवणाऱ्याने ते आयुष्यात पाहिलेले नसावे.

उत्तमसिंगचा बाप लखीराम तिथेच स्टुलावर बसतो. मी दिसलो की त्याचा एकच विषय. म्हणे, साहेब, तुमी आमचं वावर मोजलं तवापासून आमची बाभूळ शेजाऱ्याच्या वावरात उभी हाय. मी म्हटले, बाभळीने जागा बदलली असेल. तो म्हणाला, बराबर हाय साहेब, बाभूळच चालत गेली असन, तुमची मोजणीची साखळी थोडीच चुकते. एकवीस वर्षांनी का होईना, पटले त्याला.

१६ एप्रिल, बुधवार
मंजुषाला शंका, ऋचा खरेच येईल की नाही. पुन्हा दिवाळीचे काढले. दिवाळीत ऋचा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी परत गेली, ती रिझर्व्हेशनमुळे. मंजुषा म्हणते माझ्यामुळे. दोन गोष्टी सांगितल्या.

एक: पाहुण्यांनी विचारले, लेक काय करते, तर मी म्हटले, दिवसभर गेम खेळते. विनोद होता. पाहुणे हसले. ऋचा आत गेली ती चहाचे बघायला.

दोन: तिची मीटिंग चालू असताना मी आत गेलो. गेलो. चौथीच्या गॅदरिंगला तिने म्हटलेली नदीची कविता तिच्या साहेबांना स्क्रीनसमोर उभा राहून म्हणून दाखवली. हातवाऱ्यांसह. तिसऱ्या कडव्यालाच साहेबांनी कॅमेरा बंद केला. भावना अनावर झाल्या असणार. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, चौथे कडवे राहिले होते म्हणून.
यात माझे काय चुकले ते मंजुषाला नीट सांगता आले नाही. नुसती मधल्या खोलीकडे बघत बसली.

२२ एप्रिल, मंगळवार
सर्व भाग ठरले. कंपनीच्या कागदावरची मापे वहीत उतरवली. डबा सर्वांत लहान, बुटांची दोन खोकी एकावर एक ठेवावी एवढा. कार्ड सर्वांत ताकदीचे. लांबीला बसते, दोन सेंटिमीटर उरतात. रुंदीला बसते. खाली सही केली.

उत्तमसिंग म्हणाला, साहेब, जाडी पाह्यली काय. माझ्या पोटाबद्दल बोलून राहिला असे वाटले. पोट आत घेतले. मग म्हणाला, ताईले एकदा इचारून घ्या ना, तिले नेमकं काय लागते ते. म्हटले, ताईला काय लागते ते बापाला कळते. नंतर पाण्याने थंड होणारे काहीतरी सुचवायला लागला. मी म्हटले, गरज नाही, घरी कूलर आहे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. अनुभवापुढे माणूस असा गप्प होतो.

५ मे, सोमवार
पार्सलं आली. सात खोकी. ऊन असे की अंगणातली बादली उचलवत नाही.
मंजुषा म्हणाली, इंटरनेटवाल्याला बोलवायचे होते ना. म्हटले, आधी देव, मग घंटा. ती म्हणाली, आणि यादीतला क्रमांक एक? खोडला आहे, म्हटले.

१० मे, शनिवार
उत्तमसिंगच्या दुकानात जोडणी. मी खुर्ची टाकून बसलो व सूचना दिल्या. बोर्ड बसला. पंखे बसले. कार्ड लांबीला बसले, रुंदीला बसले, आणि डब्याचे झाकण लागेना. कार्डाची जाडी तीन बोटं. आत जागा दोन बोटांची.
उत्तमसिंग म्हणाला, म्हून तर इचारलं होतं साहेब.
मी शांतपणे समजावले. छत्तीस वर्षं जमीन मोजली. जमिनीला उंची नसते. तिची लांबी घ्यायची, रुंदी घ्यायची, घरी जायचे. कंपनीने असली वस्तू बनवताना याचा विचार करायला हवा होता.
लखीराम स्टुलावरून म्हणाला, जमिनीले नसते साहेब, बाभळीले असते.
मुद्द्याला सोडून होते. दुर्लक्ष केले.

१४ मे, बुधवार
कार्ड परत जात नाही. खोके फोडले की घेत नाहीत म्हणे. डबा बदलायचा. उत्तमसिंगकडे मागच्या खोलीत एक जुना मोठा डबा पडून होता, त्यात सगळे आरामात मावले. वर एखादे मांजर व्यायला जागा राहिली. ऑटोतून घरी आणला. ऑटोवाल्याने विचारले, फ्रीज हाय काय.

कोनाड्यात जात नाही. आडवा नाही, उभा नाही. पण कॉम्पॅक्ट हा शब्द सापेक्ष आहे. जिनिंग फॅक्टरीच्या मानाने कॉम्पॅक्टच.
आता टेबल हवे. टेबल ऋचाच्या यादीत होतेच. बापाची दूरदृष्टी आली आहे पोरीत.

१७ मे, शनिवार
मंजुषा दोन दिवस यवतमाळला बहिणीकडे. घर शांत. शांततेतच मोठे विचार सुचतात.

बाजारातली टेबलं म्हणजे भुशाचे पुठ्ठे. त्यावर हे धूड ठेवले तर दिवाळीपर्यंत कणा वाकेल. आणि इकडे मधल्या खोलीला अस्सल सागवानी दार. वडिलांनी बसवलेले, एक गाठ नाही. घरात आम्ही दोघंच, ते लावतो कोण. शिवाय यंत्राला हवा हवी. कूलर बाहेरच्या खोलीत, दार काढले की झोत थेट यंत्रावर. एका कामात दोन कामे. असा विचार करायला डोके लागते, यूट्यूब लागत नाही.

सुताराला बोलावले. तो म्हणाला, साहेब, चांगलं दार हाय, कायले कापता. म्हटले, तू काप. दुपारपर्यंत टेबल उभे. हात फिरवला तर अजून दाराचाच गारवा. बिजागरीच्या खाचा राहिल्या आहेत, त्यातून वायरी नेता येतील.

१८ मे, रविवार
मंजुषा आली. पिशवी हातातच. रिकाम्या चौकटीत उभी राहिली. मग टेबलाकडे पाहिले. मग कॅलेंडर उलटे करून यादीकडे. मी विचारले, कसे वाटले. ती म्हणाली, तुम्हाला सांगण्यासारखं काही राहिलं नाही.
कौतुक करायची तिची पद्धत पहिल्यापासून संकोची.

२४ मे, शनिवार. दुपारी ४
यंत्र सुरू. उत्तमसिंगने स्वतः येऊन जोडून दिले, आणि मंजुषाने नाव सांगितले तो ऋचाचा गेमही घालून दिला. मी म्हटले, बघू पोरगी काय काढते.

मला हातात तलवार दिली. कोणाला मारायचे ते कळले नाही, म्हणून झाडं बघत चाललो. झाडं बरी आहेत. पळसाला पळसासारखी तीनच पानं. डोंगर उगाच मोठे, आपल्याकडच्या टेकड्या काय वाईट होत्या. पुढे एक कौलारू घर लागले. आत गेलो तर मागे दार आपोआप लागले. भिंतीत कोनाडा. कोनाड्यात रेडिओ. काचेमागे पिवळा उजेड.

उजेड बरोबर आहे. गुळाच्या पाकाचा. आपला रेडिओ ऋचा जन्मायच्या आधीच बंद पडला होता. तिला रंग कोणी सांगितला कोण जाणे.
बटण मात्र डाव्या बाजूला दाखवले आहे. ते उजवीकडे होते. सांगायला हवे तिला.
तिथेच उभा राहिलो. कोणीतरी येऊन मला दोनदा मारून गेले. पुन्हा चालत चालत तिथेच गेलो.

२७ मे, मंगळवार
पारा पंचेचाळीस. यंत्र तापू नये म्हणून कूलर टेबलापासून हातभर अंतरावर आणला व टाकी काठोकाठ भरली. पाऊण तास उत्तम चालले. मग स्क्रीन निळा, मग काळा, मग जळक्या वांग्यासारखा वास. डब्याला हात लावला तर ओला.

उत्तमसिंगने घरी येऊन झाकण उघडून पाहिले. म्हणाला, साहेब, कॉम्प्युटरले आंघोळ कायले घातली. म्हटले, कूलर घरी आहे हे तुला तेव्हाच सांगितले होते. तो म्हणाला, सांगितलं होतं साहेब, माहीच चूक, कूलरचं पाणी कूलरमधीच राह्यल असं समजलो. कार्ड गेले, बोर्ड गेला. बाकी इथेच वाळवून बघू म्हणाला.
हाय-एंड म्हणतात, आणि चार शिंतोडे सोसत नाहीत. वडिलांच्या रेडिओवर दर होळीला पाणी उडायचे.

३० मे, शुक्रवार. सकाळी ९
ऋचाचा फोन. मला. आईने सगळे सांगितले होते.
मी म्हटले, घाबरू नकोस, यंत्राची दुरुस्ती चालू आहे, तू येईपर्यंत होईल. ती म्हणाली, बाबा, माझं मशीन ऑफिसचं आहे, पाठीवरच्या बॅगेत मावतं. यादीत मी ते लिहिलंच नव्हतं. म्हटले, तेच तर, तू विसरलीस. ती म्हणाली, मी विसरले नव्हते. दिवसभर माझे कॉल असतात. मला फक्त दार हवं होतं.

मी टेबलावरच्या बिजागरीच्या खाचेतून बोट फिरवले. मी म्हटले, तुझ्या गेममधल्या रेडिओचे बटण चुकीच्या बाजूला आहे. ती म्हणाली, तुम्ही खेळलात? म्हटले, खेळलो नाही, उभा होतो. मग म्हणाली, बटण उजवीकडे होतं का. उजेडाचंच सांगायचात तुम्ही नेहमी, बटणाचं कधी सांगितलं नाही.
शेवटी म्हणाली, दार लागलं की कळवा, मग तिकीट काढते. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते, त्याला उत्तर होते माझ्याकडे.

संध्याकाळी दुकानात गेलो. लखीराम बसला होता. आज बाभळीचे काही बोलला नाही. मीच विचारले, कशी आहे. म्हणाला, हाय साहेब, शेंगा लागतात, शेजाऱ्याच्या बकऱ्या खातात.

१ जून, रविवार
यादीतला क्रमांक एक पुन्हा लिहिला. मंजुषाने टेबलावर चादर टाकली आहे. खाली यंत्र आहे हे कळत नाही, शिलाई मशीन वाटते.

नवीन दारासाठी सुताराला फोन केला. म्हणाला, आकडा फोनवरच द्या, लाकूड कापून ठेवतो. रुंदी अडीच फूट, म्हटले. तो म्हणाला, उंची?
वही पाहिली. कुठेच नव्हती.
मंजुषा रिकाम्या चौकटीत स्टुलावर चढून टेपचे वरचे टोक धरून उभी राहिली, मी खाली वाकलो. सहा फूट दीड इंच. पुन्हा मोजले. सहा फूट दीड इंच. वहीत लिहिले, सही करणार होतो. मग टेप तिच्या हातात दिला आणि म्हटले, तू बघ एकदा.
तिचे सहा फूट दोन आले.
तिचेच कळवले.