दोन बेजोड स्पीकर आणि आपट्याचं नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा छोट्या कार्यक्रमांना साउंड लावण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या हाताने, चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण आमच्या घरात माझ्या डोक्याबद्दल शंका घेणारे पुष्कळ, स्वतःचं तपासून घेणारा एकही नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. राहती खोली माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. खिडकीची कडी बसत नाही. आपट्या ‘उद्या करतो’ म्हणाला, त्याला नऊ वर्षं झाली. आपट्या म्हणजे हाच धाकटा भाऊ, भाचीचा बाप. सगळी गल्ली त्याला याच नावाने ओळखते, आणि ते नाव मी ठेवलेलं आहे. त्याबद्दल कलम सहा पाहावं.

२. साउंडचा संच. दोन स्पीकर, एकाची जाळी काळी, दुसऱ्याची राखाडी. ज्यांना जोडीच हवी त्यांनी चपला घ्याव्यात. आठ चॅनेलचा मिक्सर, त्यातला तिसरा मेलेला. एक अ‍ॅम्प्लिफायर, बंद पडलेल्या नाचाच्या क्लासमधून आणलेला. दोन माईक, स्टँड, वायरींची पेटी. सगळं कोणीतरी आधी वापरलेलं. घेताना प्रत्येक वस्तू विकणाऱ्याच्या घरी बसून, माझा माईक लावून ऐकली. ‘अहो ताई, अगदी नव्यासारखा आहे,’ असं जो म्हणाला त्याच्या स्पीकरला आधी नाक लावलं. जळका वास आला की उठून चालू लागले.

हा संचही भाचीलाच. चार वर्षं ती माझ्याबरोबर साउंड लावते आहे, एकदाही शिट्टी वाजू दिली नाही. पण तिचा बाप म्हणतो, ‘ती डबडी या घरात आली तर मी बाहेर. त्यांनी माझा गळा घेतला.’ भाची बत्तीस वर्षांची घोडी, पण बापाचं तोंड उतरलं की हिची दातखीळ बसते. मी गेल्यावर तो संच भंगारात घालणार, हे मी ओळखून आहे. म्हणून हे सगळं लिहिणं.

३. संच वापरणाऱ्याने पाळायच्या गोष्टी. स्पीकर माईकच्या पुढे ठेवावेत. मागे ठेवले की शिट्टी वाजते आणि मूर्ख लोक गाणाऱ्याकडे बघतात. वायर कोपराभोवती गुंडाळणाऱ्याला सामानाला हात लावू देऊ नये, मग तो जावई असला तरी. अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद करायचा. अ‍ॅम्प चालू असताना मिक्सरची वायर काढायची घालायची नाही. दणका बसतो आणि स्पीकर जातो. हे अंगठाबहाद्दरालाही कळतं.

४. थोरल्या भावाचा मुलगा, मोठा इंजिनिअर. ‘आत्या, हल्ली एवढ्याशा डबीतून आवाज येतो,’ म्हणाला आणि ऑफिसच्या समारंभात ती डबी लावली. तिसऱ्या रांगेला साहेबांचे नुसते ओठ दिसले. त्याला माझ्यातलं काही देऊ नये. त्याच्याकडे डबी आहे.

५. ग्रंथालयाच्या हॉलचा मॅनेजर. याने मला कायम पाण्याच्या पिंपामागचा एकच प्लग दिला, वर ‘आवाज कमी’ म्हणून बोटं नाचवली. माझा एक्स्टेन्शन बोर्ड त्याला द्यावा. पुढच्या बाईची तरी सोय होईल.

६. धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. गळा फार चांगला होता. तोंडावर कधी म्हटलं नाही, आधीच शेफारलेला होता. समोर दीडशे माणसं. त्याने माईक हातात घेतला, पहिला सूर लावला, आणि धाडकन असा आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बायका खाली वाकल्या. डावा स्पीकर गेला, त्याचा सूर फाटला, लोक हसले. मी मिक्सरमागून ओरडले, ‘माईक आपटलास ना! आपट्या कुठला!’ लोक आणखी हसले. त्यानंतर तो गायलाच नाही. आंघोळ करतानासुद्धा नाही. मी दाराला कान लावून पाहिला आहे.

माईक त्याने आपटला नव्हता. मिक्सरची वायर सैल वाटली म्हणून मीच ती उपटून परत खुपसली, अ‍ॅम्प चालू असताना. कलम तीन मला तेव्हाही पाठ होतं.

हे वाचून साक्षीदार इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘मावशी, हे मृत्युपत्रात कशाला? जाऊन सांगा ना त्याला. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतो.’

मी म्हटलं, ‘तुला सही करायला बोलावलंय, अक्कल शिकवायला नाही.’

पण पोरगा बरोबर बोलला. जन्मभर दुसऱ्यांना भित्रट म्हणत आले, आणि सव्वीस वर्षं तोंड उघडायची माझीच छाती झाली नाही. मला माझीच लाज वाटते.

७. सबब, मी गेल्यावर भाषणं नकोत. भाचीने त्याच हॉलमध्ये संच लावावा आणि कलम सहा माईकवरून मोठ्याने वाचावं. नाव चारचौघांत ठेवलं, तर काढायचंही चारचौघांतच. मग माईक भावाच्या हातात द्यावा. गायला तर गायला, नाहीतर त्याची मर्जी. पण त्या डबड्यांनी गळा घेतला असं त्याने पुन्हा म्हणू नये, आणि पोरीला संच घरी नेऊ द्यावा.

‘आपट्या’ हे नाव माझ्या मालकीचं आहे. ते मी कोणालाही देत नाही. आजपासून माझ्याकडे परत घेत आहे.

साक्षीदार:
१. शेजारचा इलेक्ट्रिशियन (सही). सांगूनही ऐकलं नाही, हे नमूद.
२. वरच्या मजल्यावरची शिंपीण (सही)

ठिकाण: राहती खोली, दुसरा मजला
तारीख: १४ मार्च, सोमवार

लिहून देणार (सही):
त्याची थोरली बहीण, खरी आपट्या