दर्जा जमिनीचा

मंगळवार, ११ नोव्हेंबर १९९७. नागोया

चूक माझीच आहे. आधी हे लिहून टाकतो.

दुपारी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका गिऱ्हाइकाकडे गेलो होतो — फ्रान्सहून वाइन मागवणारी कंपनी. तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने भिंतीवरचे नकाशे हौसेने समजावले. बोर्दो भागात दर्जा वाइन करणाऱ्या घराण्याला. १८५५ साली यादी ठरली, ती अजून जवळजवळ तशीच. बूर्गोन्य भागात मात्र दर्जा जमिनीला! टेकडीचा मधला पट्टा सगळ्यात वरचा, 'ग्रां क्रू'. पायथ्याची जमीन साधी. एकाच शेतकऱ्याच्या वेलींच्या चार ओळी इथे, चार तिथे.

मी मान डोलावली आणि तेवढ्यात माझी चूक लक्षात आली. त्यांचा कॅटलॉग छापणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये दर्जा शेतकऱ्याच्या नावाला जोडलाय. सगळ्या फ्रान्सला एकच नियम! ज्याची एक बाटली ग्रां क्रू, त्याच्या साध्या बाटलीखालीही तेच छापलं गेलं. वर्षअखेरच्या भेटींचा कॅटलॉग मागच्याच आठवड्यात घरोघर पोचलाय.

आणि मी कोणाचा मुलगा? तलाठ्याचा. बाबांचा जन्म सातबारे लिहिण्यात गेला. जमीन सोडून मालक बघितला म्हणून त्यांनी कान पिळला असता.

बुधवार, १२

सतरा बाटल्यांखाली चुकीचा दर्जा छापलाय. दोनदा तपासलं.

लोक या बाटल्या आपल्या साहेबांना पाठवणार. एखादा साहेब जाणकार निघाला की संपलं. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत. ते वाढलं नाही तर व्हिसा नाही, मुलीची, नुपूरची शाळा नाही. मी तर आयुष्यात वाइनचा थेंब चाखलेला नाही — कुठे येऊन अडकलो!

आणखी एक. या प्रोग्रामच्या कागदावर 'तपासलं' या रकान्यात हत्तोरीसानचा लाल शिक्का आहे. माझे वरिष्ठ; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. खरं तर त्यांनी तपासलंच नव्हतं. "चारूसानचं काम, बघायला कशाला हवं," म्हणाले होते. चारुदत्त त्यांना उच्चारता येत नाही. तेव्हा मी फुशारलो होतो.

गुरुवार, १३

आजही हत्तोरीसानना नाही सांगितलं.

शुक्रवार, १४

बायकोला, राधिकाला सांगितलं. "अरे, सांगून मोकळा हो ना. लपवून काय होणारेय?" भांडी विसळून झाल्यावर तीच म्हणाली, "नुपूरचं शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. तेवढं झालं असतं तर..." आणि ओटा पुसायला लागली.

नुपूर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहेस ना? मीही म्हटलं, दाइजोबु.

सोमवार, १७

सकाळी लवकर जाऊन प्रोग्राम दुरुस्त केला. दर्जा आता शेताला. तासाभराचं काम! छापलेलं कसं पुसू?

जेवताना हत्तोरीसानने विचारलं, "चारूसान, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "सर्दी झालीय." दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर मास्कचं पाकीट आणून ठेवलं आणि कुठेसे बाहेर गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत नुसता घाम आहे.

गुरुवार, २०

नवी बोजोले, म्हणजे फ्रान्सची यंदाच्या द्राक्षांची ताजी वाइन, आज आली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारआधी ती विकायची नाही, असा तिथला कायदा. गिऱ्हाइकाने ऑफिसात सहा बाटल्या पाठवल्या. म्हणजे त्यांना अजून पत्ता नाही! जीव भांड्यात पडला. मग स्वतःचीच किळस आली. माणसं कागदी पेल्यातून पीत होती, हसत होती. माझ्याखेरीज फक्त हत्तोरीसान पीत नव्हते.

उद्या सांगणार. व्हिसा गेला तर गेला.

शुक्रवार, २१

सांगितलं. हत्तोरीसान खोक्यात पुस्तकं भरत होते. म्हणाले, "सोमवारी सकाळी तुम्ही बदललेल्या ओळी मी वाचल्या. जेवताना म्हणूनच विचारलं. मग गिऱ्हाइकाकडे जाऊन माफी मागून आलो. दुरुस्तीचं पत्रक जाईल. शिक्का माझा होता." याच प्रकरणावरून पुढच्या महिन्यापासून त्यांची बदली लांब तोयामाच्या शाखेत. बायको इथेच राहणार, तिच्या आईला हलवता येत नाही.

मग खणातून माझं नवं कॉन्ट्रॅक्ट काढून दिलं. वर्षभराचं. शिफारस त्यांची, तारीख मंगळवारची, माफी मागून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

राधिकाने शिरा केला. मी वाटी तशीच परत ठेवली.